भाजलेल्या कुळथाचा वास

१

रोगट अंडी जळाली की केस जळाल्यासारखी घाण सुटते. बायका नाकाला पदर लावतात, कुत्री अंगण सोडून पळतात. त्या सकाळी मात्र बीजघरासमोर पेटवलेल्या टिनाच्या डब्यातून असा खमंग वास आला की कुणाच्या तरी पोटात भुकेनं गुरगुरलं.

"कुळीथ!" बालेमा काकी म्हणाली. "अगं, हा तर कुळीथ भाजल्याचा वास."

पटनाईक बाबू मोबाइल उंच धरून फोटो काढत होते. टसर रेशमाच्या सरकारी योजनेचे ते पर्यवेक्षक. 'रोगट बियाण्याचा नायनाट' असा फोटो रांचीला पाठवायचा म्हणून त्यांनी सगळ्या बायकांना धुतलेल्या साड्या नेसून बोलावलं होतं. "हसा जरा," ते म्हणत होते. "बालेमा, तू मधे ये."

नांदी हसली नाही. झोळीतल्या लेकीला तिनं पोटाशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं काठी घेऊन डब्यातली पिशवी बाहेर ओढली. अर्धवट जळलेली मलमल फाटली. तपकिरी, चपटे दाणे मातीवर सांडले. काही फुटलेले, काही नुसते काळवंडलेले. त्यांच्यात अधूनमधून कारळ्याचे बारीक काळे दाणे. अंडं एकही नव्हतं.

"म्हणजे?" बाबूंचा मोबाइल खाली आला.

म्हणजे काय ते अंगणातल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. पतंगिणीनं अंडी घातली की तिला खलून तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली बघायचा. थेंब स्वच्छ निघाला तर तिची अंडी गावात वाटायची, रोग दिसला तर जाळायची. निरोगी अंडी केव्हाच वाटून झाली होती आणि गावातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर द्रोणांत बांधलीही गेली होती. आज-उद्या अळ्या बाहेर येणार होत्या. अशा वेळी रोगट अंडी कुणी पळवली असतील तर ती कुठल्यातरी झाडावर असणार. त्यांतल्या अळ्यांच्या विष्ठेतून रोग पानांवर उतरला की पावसाबरोबर सगळ्या खोऱ्यात पसरणार, आणि कोष व्हायच्या आत अळ्या काळ्या पडून फांद्यांना लोंबणार.

"बाजाराच्या दिवशी रांचीहून मोठे साहेब येतायत," बाबू हलकेच म्हणाले. हलकेच बोलले की ते जास्त धोकादायक वाटायचे. "तोवर अंडी सापडली नाहीत तर मला लिहावं लागेल की हे बीजघर बायकांना झेपत नाही. ब्लॉकचा ठेकेदार तयारच आहे. मग जा त्याच्या दारात रांग लावून अंडी विकत घ्यायला." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "किल्ली कुणाकडे असते?"

सगळ्या माना नांदीकडे वळल्या. बीजघराची सचिव तीच. मग कुणीतरी खाकरलं, आणि त्याच माना नांदीवरून सरकून जेमाकडे गेल्या.

२

जेमा हौदावर काचपट्ट्या धूत होती. गावात काचेचं काम करणारी ती एकटी. नांदी बाळंतीण असताना बीजघर तिनंच चालवलं होतं. रोज सकाळी ती नांदीच्या घरी यायची, बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवरून किल्ली न्यायची आणि संध्याकाळी तिथंच आणून अडकवायची.

"विचार," ती मान वर न करता म्हणाली. "सगळं गाव डोळ्यांनी विचारतंय. तू तोंडानं विचार."

"जेमा, माझ्यावर कशाला चिडतेस?"

"मग कुणावर चिडू? बालेमा काकी म्हणते, डोबरोला मागितली त्याच्या निम्मीच अंडी मिळाली, तेव्हा बहिणीनं भावाची सोय केली. अगं नांदे, मी स्वतः त्या पतंगिणी खलल्या. त्यात काय वळवळतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. सख्ख्या भावाला विष वाढेन?"

नांदी तिच्या हातांकडे बघत होती. हातात पट्टी एकच होती आणि ती कधीची धुऊन झाली होती. बाळ झाल्यापासून नांदीला ही सवयच जडली होती. प्रत्येकाचे हात बघायचे, प्रत्येकाचा श्वास ऐकायचा. झोपेतही तिचं एक बोट लेकीच्या नाकाशी असायचं.

"पिशवीत अंडी शेवटची कधी बघितलीस?"

"मी बांधली तेव्हा. मग आढ्याला टांगली. रोज दिसायची. मेलेल्याचं तोंड पुन्हा उघडून कोण बघतं? मी तर त्याच संध्याकाळी जाळणार होते. बाबूच म्हणाले, थांब, मी आल्याशिवाय नको, फोटो हवा." जेमानं पट्टी फडक्यानं पुसली. "आणि डोबरोचं म्हणशील, तर तो किती सोवळ्यात आहे ते तू बघितलंस की तुझ्या सिनीच्या नावाच्या जेवणाला. हळदीचं बोटसुद्धा चाखलं नाही."

ते नांदीनं बघितलं होतं. झाडावर अंडी बांधली की कोष उतरेपर्यंत पाळणाऱ्या माणसानं हळद, मासे, मांस खायचं नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, बायकोजवळ जायचं नाही, बाळंतिणीला-बाळाला शिवायचं नाही, तिच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. एवढं पाळलं नाही तर अळ्या रुसतात. म्हणून लेकीचं नाव ठेवायच्या जेवणाला नांदीच्या अंगणात दोन हंड्या चढल्या होत्या. पिवळी हंडी सगळ्यांची, कोंबडीची. पांढरी हंडी पाळणाऱ्यांची, नुसत्या डाळीची.

"सोवळ्यात आणि उपाशीसुद्धा," जेमा पहिल्यांदा हसली. "दुसऱ्यांदा वाढायला गेलीस आणि पांढरी हंडी रिकामी! कॉलेजात शिकलीस, पण पाहुण्यांचा अंदाज नाही आला."

"आला होता," नांदी ओशाळून म्हणाली. "कसा चुकला कोण जाणे."

"सासऱ्याच्या लाडानं चुकला. रोज लाल मुंग्यांची चटणी खाऊन डोकं आंबलंय तुझं. आमच्या वाट्याला असा सासरा येता तर मी कधीच लग्न केलं असतं."

नांदीनं हसल्यासारखं केलं. मुंग्या आणायचा, हे खरं. मध आणायचा, जळण आणायचा. पण बाळ घरात आल्यापासून तुराम आपुनं, सासऱ्यानं, नातीला एकदाही उचललं नव्हतं. पोरीला त्याच्याच मेलेल्या बायकोचं नाव ठेवलं, सिनी. नावं घेत पाण्यात टाकलेले तांदूळ त्या नावालाच एकमेकांना चिकटले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा मात्र उंबऱ्याबाहेरून बघत होता. 'मुलगी झाली ना,' बायका कुजबुजल्या होत्या. ते नांदीच्या कानात अजून ठसठसत होतं.

ती निघाली तशी जेमा मागून म्हणाली, "नांदे, एक सांगू? किल्ली दिवसा माझ्याकडे होती. रात्री कुणाच्या भिंतीवर होती, ते गावात कुणी अजून विचारलेलं नाही."

३

चरण सावचं दुकान गावाच्या तोंडाशी. बीजघर नव्हतं तेव्हा अंडी तोच आणून विकायचा. कुठली, कसली, ते देव जाणे. निम्म्या अळ्या मरायच्या, उरलेल्यांचे कोष तोच पडत्या भावात उचलायचा. बीजघर बुडालं तर गावात एकाच माणसाच्या घरी दिवा उजळणार होता.

"या सचिवबाई!" साव खाटेवरून उठलाही नाही. "कुळीथ हवेत ना? सकाळपासून सगळ्या गावाला कुळथाचीच आठवण येतेय."

"फार लवकर कळलं तुम्हाला."

"वास आला की! म्हटलं, सरकारनं बायकांना रेशीम करायला शिकवलं, या तर पिठलं करतायत." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "मला पकडायला आलीस ना? हे बघ, मी दिकू, बाहेरचा माणूस. गावात सुई हरवली तरी आधी माझं पोतं उपसतात. बघ बाई, उपस."

नांदीनं खरंच पोत्यात हात घातला. मूठभर कुळीथ तळव्यावर पसरले. गोल, तुकतुकीत, एकसारखे. तिनं पुन्हा खोल हात घालून दुसरी मूठ काढली. तीही तशीच.

"यातले कारळे कुठे गेले?"

"कुठले कारळे?"

"आमच्या माळावरचा कुळीथ आणि कारळा जोडीनं उगवतो. तुम्हाला विकतो त्यात मिसळलेला असतो."

"हां! तो काय मी तसाच विकू? चाळतो ना. कारळ्याला तेलघाणीवाला वेगळा भाव देतो. माझ्या पोत्यात एक काळा दाणा सापडला तर पोतं तुझं, जा."

नांदीनं आणखी एक मूठ बघितली. काळा दाणा नव्हता. मातीत सांडलेल्या दाण्यांत मात्र कारळे होते, जळूनही ओळखू येणारे.

"तुम्ही खूश असाल ना, बीजघर गेलं तर?" तिनं सरळच विचारलं.

"खूश? नाचेन!" साव म्हणाला. "पण रोग पसरवून मला काय मिळणार? कोषच नाही झाले तर मी काय विकत घेऊ, तुमची पानं? चोर शोध बाई, पण चोराला अक्कल आहे एवढं तरी धर."

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच नांदीला जास्त भीती वाटली. दुकानातून बाहेर पडून ती पावलं मोजावीत तशी घरं मोजू लागली. कुळीथ दुकानातला नाही, कुणाच्यातरी घरातला. आणि कुळीथ-कारळा जोडीनं पेरणारी माळावरची शेतं तीनच. एक गावच्या मुंडाचं, म्हणजे गावप्रमुखाचं, तिथं गेल्या हिवाळ्यात हत्ती शिरले आणि दाणाही हाती लागला नाही. दुसरं डोबरोचं. त्यानं सगळा कुळीथ सावला विकला होता, बियाण्यासकट, आणि त्यावरून बायकोशी भांडण झालं ते साऱ्या गावानं ऐकलं होतं.

तिसरं शेत तिचं स्वतःचं होतं.

४

घरात कुणी नव्हतं. नवरा नोवामुंडीच्या खाणीत डंपर चालवायचा, सुटी मिळाली की यायचा. तुराम आपु सकाळीच कुठंतरी गेला होता. हल्ली तो सकाळीच जायचा.

नांदी अदिंगच्या दाराशी थांबली. स्वयंपाकाच्या आतली ती अंधारी खोली. घरातले गेलेले लोक तिथं राहतात, आणि पेरणीचं बियाणं त्यांच्याच राखणीला ठेवतात. तिथं परक्याचं पाऊल पडत नाही. जेमा लहानपणापासून या घरात येत होती, पण अदिंगचा उंबरा तिनंही कधी ओलांडला नव्हता. लग्न होऊन गेलेल्या नणंदा माहेरी आल्या तरी आत जात नाहीत. बाळंतपणापासून नाव ठेवेपर्यंत नांदीही गेली नव्हती.

तिनं मनातल्या मनात सासूची क्षमा मागितली आणि कुळथाच्या मडक्यावरचं झाकण काढलं. सुगीनंतर तिनं स्वतः ते गळ्यापर्यंत भरलं होतं. आता हात मनगटाच्या वर गेला तेव्हा बोटांना दाणे लागले. दाण्यांत कारळे होते.

बाहेर येऊन ती भिंतीला टेकून बसली. खुंटीवर किल्ली लोंबत होती. सिनी कुरकुरली तशी तिनं यंत्रासारखं तिला पाजायला घेतलं.

चोर अदिंगमध्ये शिरू शकतो आणि रात्री खुंटीपर्यंत पोचू शकतो. म्हणजे तिच्या ताटात जेवणारा.

"आहेस का गं?" अंगणातून आवाज आला. तुराम आपु उभा होता, हातात सालवृक्षाच्या पानांची मोटली. "घे. मुंग्या आणल्यात. वाटून खा, दूध वाढेल."

"तुम्हीही घ्या ना, आपु. गरम भाताबरोबर."

"नको. पोट बरं नाही."

"नावाच्या जेवणापासून बरं नाही?"

"म्हाताऱ्याचं पोट," तो म्हणाला आणि मोटली उंबऱ्याबाहेरच ठेवली. आत आला नाही. पूर्वी दिवसातून दहादा आत यायचा, चुलीतला निखारा घ्यायला, पाणी प्यायला, उगाच.

नांदीनं त्याच्याकडे बघितलं, रोज बघत होती तसं नाही, सावच्या कुळथाकडे बघितलं तसं. त्याचे पांढरे केस वाळक्या गवतासारखे उभे होते. कोनाड्यात करंजाच्या तेलाची बाटली होती, तिनंच बाजारातून खास त्याच्यासाठी आणलेली. बुचापर्यंत भरलेली.

मग उंबऱ्याबाहेरच्या मोटलीकडे बघितलं. पानांत लाल मुंग्या वळवळत होत्या. ऐनाच्या झाडावर पानं शिवून घरं करणाऱ्या मुंग्या. अळी दिसली की त्या फाडून खातात. म्हणून अंडी बांधण्याआधी पाळणारा माणूस झाडाझाडावर चढून त्यांची घरं काढतो. आणि या माणसाकडे या खेपेला पाळायला एक अळी नव्हती.

"आपु," तिनं विचारलं, "एवढ्या मुंग्या कुठल्या झाडावरच्या?"

तो जायला वळला होता, तो थबकला. पण मागे न बघताच म्हणाला, "जंगलात झाडं कमी आहेत का, पोरी?" आणि निघून गेला.

५

दुसऱ्या सकाळी तिनं सिनीला झोळीत घेतलं आणि अंतर ठेवून त्याच्या मागे निघाली. तुराम आपु ओढा ओलांडून वनखात्याच्या दगडी खांबापलीकडे गेला. तिकडची झाडं कुणाच्याच नावावर नव्हती, म्हणून योजनेत नव्हती.

तिथं जुने ऐन उभे होते. बुंध्यांभोवती राखेची वर्तुळं होती, खालचं गवत साफ केलेलं होतं. फांद्यांना पानांचे द्रोण बांधले होते, त्यांच्या तोंडाशी पिवळसर केसाळ अळ्या नुकत्या सरकत होत्या. तुराम गलोलीचं धनुष्य घेऊन कावळ्यांना हुसकत होता. बुधवारच्या बाजारातही त्याचा चेहरा कधी एवढा तरुण दिसला नव्हता.

नांदीच्या पायाखाली काटकी मोडली.

"थांब!" तो ओरडला. "पोरीला घेऊन आत येऊ नकोस! माझ्या अळ्या..."

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं, काय बोललो ते. धनुष्य खाली आलं.

नांदी राखेच्या रेघेबाहेर उभी राहिली. तिला रागावायचं होतं, पण पहिल्यांदा तोंडातून निघालं ते वेगळंच. "म्हणून तिला घेत नव्हता? मुलगी झाली म्हणून नाही?"

"मुलगी?" म्हातारा गोंधळला. "सिनी परत आली घरी, आणि मी तिला घेणार नाही? कोष उतरले की पहिलं तिलाच उचलणार होतो. रोज दिवस ढकलतोय."

नांदीनं झोळी सावरली.

"आपु, ही चोरी आहे."

"कशाची? जाळणार होता तुम्ही. जाळायच्या वस्तूची चोरी कशी होते? पिशवी रिकामी दिसली तर जेमावर येईल, म्हणून कुळीथ भरला. माझ्या घरचा कुळीथ. कुणाचं काय गेलं?" त्यानं धनुष्य खोडाला टेकवलं. "सगळ्या बायकांसमोर तू म्हणालीस, आमच्या घराला या खेपेला अंडी नकोत, लोक म्हणतील सचिवानं घर भरलं. तुझी लाज राहिली. माझी? मिसरूड फुटल्यापासून एक पावसाळा अळ्यांशिवाय काढला नाही मी. सगळे सोवळ्यात बसणार, आणि तुराम कुंकल पिवळ्या हंडीतलं ओरपणार?"

नांदीला पांढरी हंडी आठवली, रिकामी. अंदाज चुकला नव्हता तर, त्या हंडीचा एक जेवणारा वाढला होता.

"मला एकदा विचारायचं होतंत."

"तू विचारलंस मला?"

नांदीनं फांदीवरच्या द्रोणाकडे बोट केलं. "आपु, या अळ्या आजारी आहेत. यांच्यामुळे डोबरोच्या मरतील, बालेमा काकीच्या मरतील."

"छान खातायत की! काच म्हणते आजारी. मी आयुष्यभर बोटानं ओळखत आलो."

"मग काचेला एकदा खोटी पाडा. तुमच्या हातानं निवडा. सगळ्यात धडधाकट वाटेल ती अळी घ्या, आणि चला."

तो तिच्याकडे संशयानं बघत राहिला. तीही त्याच्याकडे तशीच बघत होती. शेवटी त्यानं एक पान खुडलं.

६

जेमानं काहीच विचारलं नाही. तुराम आपुच्या हातात पान बघितलं आणि तिला सगळं कळलं. आधी तिनं डोबरोच्या झाडावरच्या अळीचा थेंब काचेखाली ठेवला.

"बघा, काका. काय दिसतं?"

"काही नाही. स्वच्छ पाणी."

मग त्याच्या अळीचा. तुराम वाकला तो वाकूनच राहिला. एक डोळा मिटायचं विसरला, मग हातानं झाकून पुन्हा बघितलं.

"हे चमकतात ते काय? तांदळासारखे?"

"तोच रोग."

"एवढे?" त्यानं मान वर केली. "सगळ्यात तगडी होती ती." मग त्यानं नांदीकडे न बघता टिनाचा डबा उचलला. "मी बांधल्या, मीच उतरवतो. कुणी बरोबर येऊ नका."

दुपारी ओढ्यापलीकडून धूर आला, आणि वास आला. घाण, केस जळाल्यासारखा. बालेमा काकीनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हां. हा खरा."

संध्याकाळी मुंडाच्या अंगणात गाव जमलं. तुराम उभा राहिला, म्हणाला, "मी नेली," आणि खाली बसला. मुंडानं एक बोकड आणि डियंगचं, तांदळाच्या दारूचं, एक मडकं दंड सांगितला, आणि त्या झाडांखाली या पावसाळ्यात कुणी फिरकायचं नाही असं ठरवलं. गावापुरतं संपलं होतं.

पटनाईक बाबूंचं संपलं नव्हतं. "म्हणजे सचिवाच्याच घरात चोर!" ते हलक्या आवाजात म्हणाले. "हे तर मला लिहावंच लागेल. ठेकेदाराला..."

"लिहा, बाबू," नांदी म्हणाली. सिनी खांद्यावर झोपली होती, म्हणून तीही हळूच बोलली. "सगळं लिहा. माझ्या सासऱ्यांनी नेली, मी शोधून काढली, गावानं जाळली. आणि हेही लिहा की रोगट अंडी त्याच संध्याकाळी जाळायची असं ट्रेनिंगमध्ये तुम्हीच आम्हाला शिकवलंत. जेमा जाळायला निघाली होती. फोटोसाठी तुम्ही तिला थांबवलंत. अळी फुटायची वेळ झाली तरी पिशवी आढ्याला लोंबत होती. साहेबांनी विचारलं, एवढे दिवस का ठेवली, तर आम्ही काय सांगू?"

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. बहुतेक चरण साव. दिकू असला तरी तमाशाला तो सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

"गावात मिटलेलं प्रकरण," बाबू म्हणाले, "रांचीपर्यंत कशाला न्यायचं?"

"जशी तुमची मर्जी," नांदी म्हणाली. मग तिनं कमरेची किल्ली सोडली आणि जेमाच्या हातात ठेवली. बायकांत चुळबुळ झाली. "ज्या घरातून चोरी झाली त्या घरात किल्ली नको. आणि पुढच्या खेपेला अंडी कुणाला द्यायची ते जेमानं ठरवायचं. मी माझ्या घराबद्दल हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही."

जेमा किल्लीकडे बघत राहिली. "कालपर्यंत मी चोर होते," ती म्हणाली. "बालेमा काकी, ऐकतेस ना?"

बाजाराच्या दिवशी मोठे साहेब आले, काचेत बघितलं, चहा प्यायले, गेले. बीजघराच्या दारावरची पाटी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी तुराम आपु ओढ्यावर डोक्यावरून नाहून आला. कोनाड्यातली बाटली काढून त्यानं केसांना तेल चोपडलं, थेंब कपाळावर ओघळेपर्यंत. नांदीनं वाढलेलं पिवळंधमक माशाचं कालवण त्यानं खाली मान घालून खाल्लं, पान पुसून घेतलं, आणि चुलीजवळ आत, उंबऱ्याच्या आत, येऊन बसला.

"सिनीला दे," तो म्हणाला. सासू गेल्यापासून या घरात ते नाव त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

नांदीनं लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं तेलकट केसांची बट मुठीत धरली आणि तो मोठ्यानं हसला.

नांदीनंही हसून बघितलं. लेकीच्या पाठीखालचा हात मात्र तिनं लगेच काढून घेतला नाही.